बारा बाइट

नवतप्याचा तिसरा दिवस. रात्री दोनलाही
वर्धा रोडचं डांबर चपलेला चिकटतं.
तिसऱ्या मजल्यावर सर्व्हरला एसी, आम्हाला कुलर,
सहा स्क्रीन
आणि अरबी समुद्र.

मी समुद्र पाहिलेला नाही.
अंबाझरी ओसंडते तेव्हाची गर्दी पाहिली आहे,
आणि कुलरच्या टाकीत बादली ओतली की
एक लाट उठते, पत्र्यावर आपटून परत फिरते, ती.
आई विचारते, "रातभर काय पाहून रायली वं पोरी?"
होड्या, मी म्हणते.
ती पदर तोंडाला लावून हसते. नागपुरात. होड्या.

हिशेब केला तर तेवढंही विचित्र नाही.
उपग्रह माथ्यावर येतो तेव्हा पावणेआठशे किलोमीटर उंच असतो,
आणि मिरकरवाड्याचा धक्का, सरळ रेघ मारली तर,
इथून साधारण तेवढाच.
आभाळ नि बंदर, दोन्ही सारखीच परकी.

प्रत्येक नौकेच्या टपावर टिफिनएवढी पांढरी पेटी.
तिला चार बटणं:
ठीक. परततोय. मासळी भरपूर. मदत.
वरून उपग्रह सरकतो, दहाएक मिनिटं कान देतो,
पेटी बारा बाइट बोलते. जागा, वेळ, बॅटरी, बटण.
मग पुन्हा पाणीच पाणी.

एक जूनपासून मासेमारी बंद, म्हणून सगळे ठिपके
किनाऱ्याकडे तोंड करून निघालेत,
एकशे बारा नंबर सोडून.
इस्माईल सोलकर. नौका अल-कौसर. खलाशी पाच.
शेवटचा निरोप दहा चाळीसला: मासळी भरपूर.
त्यानंतर तीन उपग्रह तिच्यावरून कोरडे गेले.

वांदिले खुर्चीतूनच म्हणतो,
"अँटेनावर जाळं टाकलं असन बे. नेहमीचंच आहे त्याहिचं."
असेल. ओलं जाळं, वर चढून बसलेला एखादा पोऱ्या,
सैल झालेली वायर.
नियमात लिहिलंय, चार फेऱ्या चुकल्या की तटरक्षक दलाला फोन.
चौथी फेरी तीन सत्तावन्नला.

मधल्या वेळात मी एक बिनकामाचं गणित करते.
इकडूनही बारा बाइट खाली पाठवता येतात.
देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं,
काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची.
म्हणजे चार चिन्हं.
'ठीक' मावतं. 'घरी' मावतं, 'घरी या' नाही.
'आहे' मावून तीन बाइट उरतात.
'नाही' बरोब्बर बारा. नकार महाग पडतो थोडा.
'आहेस', तेही बरोब्बर बारा,
प्रश्नचिन्हाला जागा राहत नाही.

तीन छप्पनला पाठवून देते.
कोडबुकात नसलेला शब्द. त्या पेटीच्या इवल्या पडद्याला
आपली लिपी येतही नसेल,
चार चौकोन उमटतील फक्त.

कुलरचा पंप कोरडा ओरडायला लागतो.
सत्तावन्न.
अठ्ठावन्न. वांदिले फोनवर हात ठेवून बसलेला.
एकोणसाठला ठिपका उजळतो,
तीस मैल पूर्वेला, किनाऱ्याकडे. बॅटरी नऊ टक्के.
बटण: मासळी भरपूर.

"पाय, म्हनलं होतं ना!"
वांदिले टेबलावर थाप मारतो नि मग बराच वेळ
डोळे चोळत राहतो.

शब्द पोचला का, कळायला मार्ग नाही.
पोचपावतीचं बटण त्या पेटीला नाहीच.
कदाचित कुणीतरी अंधारात जाळं बाजूला केलं,
चार चौकोन पाहिले,
अंगठ्याला जे सापडलं ते दाबलं.

मी बादली घेऊन खाली उतरते. नळाचं पाणी
पहाटे चारलाही कोमट.
टाकीत ओतते. लाट येते, पत्र्यावर आपटते.
सोलकर धक्क्याला लागला की साधा फोन करीन,
आणि विचारीन,
रात्रीचं समुद्राचं पाणी
गार असतं का हो?